अण्णांचा निरोप समारंभ आणि उलटा वॉल

माझ्या वडिलांच्या निरोप समारंभाला अडीचशे माणसं आली होती आणि माझ्या भाषणाच्या पाचव्या वाक्याला त्यांतली सहा उरली. त्या सहांत एक मी, एक वडील, एक आई, दोघं मंडपवाले आणि सहावे गेनू आजोबा. आजोबांना त्यांच्या नातवांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं आणि जाताना घाईत विसरले होते.

ही जबाबदारी मी नाकारत नाही. (त्या दिवशी नाकारली होती. ते पुढे येईलच.)

माझे वडील, म्हणजे अण्णा, तेलगावजवळच्या आमच्या गावात पाणी सोडणारे. ग्रामपंचायतीच्या कागदावर 'पाणीपुरवठा कर्मचारी'. शाळेमागे उंच टाकी आहे, टाकीखाली कमरेएवढा खड्डा आहे आणि खड्ड्यात पाच गल्ल्यांचे पाच वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, आहेत. छातीला लागेल एवढी लांब लोखंडी चावी घ्यायची, ज्या गल्लीची पाळी असेल तिचा वॉल उघडायचा, वेळ झाली की बंद करायचा. चौतीस वर्षं हेच काम. ऐकायला सोपं वाटतं. मलाही तसंच वाटत होतं.

उन्हाळ्यात आमच्याकडे एका गल्लीची पाळी आठव्या दिवशी येते. त्यामुळे नळाला पाणी येतं ते जावई आल्यासारखं. सगळं घर दारात उभं असतं, भांडी घासून मांडलेली असतात, आणि तो यायच्या आधी कुणी जेवत नाही. अण्णा चावीचं एक टोक वॉलवर टेकवायचे आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचे, डॉक्टर नळी लावतो तसा. "आत्ता पिंपळापाशी पोचलं," म्हणायचे. खरंच, मिनिटभरात पिंपळाकडून घागरींचा आवाज यायचा.

या पाळ्यांपायी अण्णांनी गावातला एकही कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला नाही. बारसं असो, तेरावं असो, ते मधूनच उठायचे. माझ्या लग्नात तिसऱ्या मंगलाष्टकेला ते डोळे पुसत बाहेर गेले. मला वाटलं, बापाचं काळीज भरून आलं. नंतर कळलं, घाम पुसत होते आणि वेशीकडच्या गल्लीचा वॉल बंद करायचा होता. लग्नाच्या अल्बममध्ये अण्णा एकाच फोटोत आहेत, तेही पाठमोरे.

आता कबुली. लहानपणी मला त्यांच्या कामाची लाज वाटायची. आठवीत बाईंनी वडिलांचा व्यवसाय विचारला, तेव्हा मी उभा राहून 'पाणीपुरवठा अधिकारी' असं ठोकून दिलं. बाई आमच्याच गल्लीत राहायच्या.

"बरं," त्या म्हणाल्या, "तुझ्या अधिकाऱ्यांना सांग, काल धार लई बारीक होती."

पुढे मी स्वतः पाणीपुरवठ्याचा इंजिनियर झालो. शहरात बसून नळयोजनांचे नकाशे तपासतो. नकाशात वॉल दोन त्रिकोणांनी दाखवतात. असे त्रिकोण मी हजारो पाहिले आहेत, त्यांतला एकही आजवर माझ्या अंगावर उडाला नव्हता.

तर अण्णा निवृत्त व्हायच्या दिवशी गावानं त्यांचा सत्कार ठरवला. शाळेच्या पटांगणात मंडप, फेटा, शाल, सगळं. मी मनाशी एकच गोष्ट पक्की केली: निदान हा एक कार्यक्रम अण्णा खुर्चीत बसून शेवटपर्यंत पाहतील. लहानपणीच्या त्या खोट्याची परतफेड म्हणा.

सकाळी पाहतो, तर अण्णा नवं धोतर नेसून चावी घेऊन निघालेले.

"अण्णा, आज कुठं?"

"आज उगवतीच्या गल्लीची पाळी हाय. धाला सोडतो, साडेअकराला बंद करून येतो."

"साडेअकराला तुम्ही स्टेजवर असणार."

"मग मदीच जाऊन येईन की. किती येळ लागतोय?"

"आज तुम्ही खुर्चीतून उठायचं नाही. माझी शप्पथ आहे. बंद मी करतो."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाकडे बघितलं. "सुधाकर, आदी ऐकून घे. पाचातला एक..."

"अण्णा, मी इंजिनियर आहे."

"म्हनून तर म्हनतोय."

तेवढ्यात मंडपवाल्याचा फोन आला आणि 'पाचातला एक' काय, ते ऐकायचं राहून गेलं. चौतीस वर्षांची विद्या अण्णा एका वाक्यात देत होते आणि मी सतरंज्यांची चौकशी करत होतो.

साडेअकराला फेटा बांधलेले अण्णा स्टेजवर बसले आणि मी चावी घेऊन खड्ड्यात उतरलो. जगातला कुठलाही वॉल उजवीकडे फिरवला की बंद होतो. मी उगवतीचा वॉल उजवीकडे फिरवला. त्याच्या मानेतून जी बारीक धार उडत होती, ती एकदम जाड झाली आणि माझ्या छातीवर आली. मी विचार केला. (इथेच चुकलो.) डावीकडे फिरवून पाहिला, तर धार थांबली, वॉल बंद. मी शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला की या खड्ड्यातले वॉल उलटे बसवलेले आहेत. डावीकडे बंद होतात.

इथवर आलोच आहे, तर उरलेले चारही नीट घट्ट आहेत का ते बघावं, असं माझ्या कर्तव्यदक्ष मनात आलं. म्हणून चौघांनाही मी डावीकडे सात-सात आटे दिले. ते फारच सैल निघाले. 'निवृत्तीच्या सुमाराला अण्णांचं जरा दुर्लक्ष झालेलं दिसतंय,' असंही मनात येऊन गेलं. चावीला कान लावायचा होता, पण तिला चिखल होता आणि माझ्या डोक्यावर फेटा होता. टाकीच्या खांबाला बांधलेल्या कर्ण्यातून सनई ओरडत होती, त्यामुळे तसंही काही ऐकू येण्यासारखं नव्हतं.

ओला शर्ट उपरण्याखाली झाकून मी स्टेजवर आलो. सरपंच शोभाताई बोलून बसल्या आणि माझं नाव पुकारलं गेलं.

"माझ्या अण्णांनी," मी सुरुवात केली, "चौतीस वर्षांत पाण्याचा एक थेंब वाया जाऊ दिला नाही."

टाळ्या पडल्या. अण्णांनी मात्र मान कलती केली, कुठूनतरी हाक यावी तशी.

दुसऱ्या वाक्याला बायकांच्या बाजूला फोन वाजले. तिसऱ्याला मागच्या रांगेत कुजबुज झाली.

"नळ आलेत म्हनं."

"आज आपली पाळी न्हाई की."

"पाळी न्हाई, पर पानी हाय. उठ."

चौथ्या वाक्याला माणसं माना खाली घालून उठू लागली. मला वाटलं, माझ्या शब्दांनी त्यांना भरून आलंय. मी आवाज आणखी कातर केला. शोभाताईंच्या घरूनही फोन आला. "दोनच मिनटं हं, भाऊ," असं म्हणून त्या पदर खोचत स्टेजवरून थेट उडी मारून गेल्या.

अण्णा माझ्याकडे वाकले. "सुधाकर, उठू का?"

"बसा, अण्णा. शप्पथ आहे."

ते बसले. आमच्या गावात निम्म्या नळांना तोट्या नाहीत. वरच्या दोन गल्ल्यांतलं पाणी उतारानं निघालं आणि मंडपात शिरलं. पहिली सतरंजी काळी पडली, मग दुसरी. गेनू आजोबांनी पाय वर घेतले.

"आता उठू?" अण्णांनी विचारलं.

साठ वर्षांचा माणूस, गळ्यात हार, मांडीवर नारळ, आणि पोरानं घातलेल्या शपथेपायी बसल्या जागी तळमळतोय. मी मान डोलावली. अण्णा नारळ आईकडे देऊन धावलेच.

ते फेट्यासकट खड्ड्यात उतरले. चावीला कान लावला, एक क्षण डोळे मिटले आणि म्हणाले, "उगवती बंद, बाकी चार खुले. पाचातला एक उलटा हाय, तेवढंच सांगत होतो सकाळी."

"सगळे बंद करा, अण्णा."

"एकदम कशाला? चारी गल्ल्यांत बाया भांडी लावून बसल्यात. धार हाय करंगळीयेवढी, कुनाचंच भरंना. आता एकएक गल्ली सोडतो, धा-धा मिनटं. टाकीत तेवढं हाय."

बोलता बोलता त्यांनी तीन वॉल आवळले. चौथ्या गल्लीतून लगेच घागरींचा आवाज आला. गल्लीगल्लीतली माणसं खड्ड्याकडे येऊ लागली. पहिल्या आल्या भागीरथी मावशी, हातात रिकामी कळशी.

"अण्णा, आज सत्कार कुनाचा हाय?"

"माझा."

"मग खड्ड्यात कावून बसलाव?"

"करमंना तिकडं."

शोभाताई भिजलेल्या साडीनं परत आल्या. "अण्णा, चौतीस वर्षांत आसं कदी झालं न्हाई. चारी वॉल सोडले कुनी?"

माझ्या घशात कोरड पडली. एवढ्या पाण्यात तेवढी एकच कोरडी जागा होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "माझाच हात चुकला, ताई. म्हातारपन."

मी उघडलेलं तोंड मिटलं. आईनं माझ्या उपरण्याकडे पाहिलं आणि नारळ माझ्या हातात दिला. चौतीस वर्षांत अण्णांच्या नावावर एक चूक नव्हती. शेवटच्या दिवशी त्यांनी माझी घेतली, आणि पोराचं दप्तर खांद्यावर घ्यावं इतक्या सहज घेतली.

शोभाताईंनी फर्मान काढलं, "खुर्च्या हिकडं आना. कार्यक्रम हितंच करू." मग खड्ड्याच्या काठावर अण्णांची खुर्ची आली. बायका पाळीपाळीनं येत होत्या, अण्णांना ओवाळत होत्या आणि "आमची टाकी भरलीय, फुडच्या गल्लीला सोडा" असं सांगून जात होत्या. अण्णा हातात चावी धरून बसले होते. गेनू आजोबांनाही खुर्चीसकट तिथे आणलं. मी भाषण पहिल्यापासून सुरू केलं, फक्त पहिलं वाक्य गाळलं. शेवटच्या वाक्यापर्यंत एकही माणूस उठला नाही. अण्णाही नाहीत. त्यांच्या आयुष्यातला हा पहिला कार्यक्रम, जो त्यांनी शेवटपर्यंत पाहिला.

माझी चूक तेवढी माझ्या पोटात राहिली. चार महिने मला नीट झोप नव्हती. शेवटी दिवाळीला गावी गेलो, तेव्हा ठरवूनच गेलो की सगळ्यांसमोर कबूल करायचं. आधी खड्ड्याकडे गेलो. अण्णांच्या जागी आता दत्ता आहे, चाळिशीचा, शांत माणूस. त्याला अण्णांनी महिनाभर सोबत नेऊन सगळं शिकवलंय. खड्ड्यात डोकावलो, तर पाचही वॉलांशेजारी भिंतीवर लाल ऑइलपेंटनं ठळक बाण काढलेले. इकडे उघडा, इकडे बंद. उलट्या वॉलाला तर दोन बाण.

"दत्ता," मी म्हणालो, "तुला तर अण्णांनी सगळं तोंडपाठ करून दिलंय. मग हे बाण कशाला?"

दत्तानं चावी पुसली आणि अगदी अदबीनं सांगितलं, "माझ्यासाठी न्हाईत, सायेब. दिवाळीला तुमी येनार म्हनून पंचायतीनं ठराव करून रंगवून घेतलेत."