विटांवर भरलेली होडी

नुंगंबाक्कमच्या त्या घरात मी दोन वर्षं राहिलो. तेवढ्या काळात घरमालक माझ्याशी एकदाही गोड बोलले नाहीत. ते तंजावरकडचे मराठी, बँकेतून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. मराठी भाडेकरू म्हणून त्यांनी मला वरची खोली दिली आणि पहिल्याच दिवशी पस्तावले. मी वाकून नमस्कार केला, ‘काका’ म्हणालो.

“काका नको म्हणूंस. सार म्हण. आणि हें तुझें मराठी कुठलें? कानांस टोचतें.”

भंडाऱ्याकडचं, मी म्हणालो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. गावच्या शिक्षकांनी वह्या दिल्या, नागपूरच्या वसतिगृहानं जागा दिली, आणि इंजिनियर होऊन मी इथल्या गाड्यांच्या कारखान्यात लागलो. ज्यानं काही दिलं त्याचे आभार मानत आलो. सारांचेही मानायचो. त्याचा त्यांना फार राग यायचा.

घरामागच्या अंगणात, कडुलिंबाखाली, एक होडी पालथी पडली होती. चौदा फूट लांब, अरुंद, दोन्ही टोकं निमुळती. पातळ फळ्या तांब्याच्या खिळ्यांनी जोडलेल्या आणि आतून वाकवलेल्या लाकडी पट्ट्या, बरगड्यांसारख्या. सोबत एक वल्हं, एक छोटी डोलकाठी आणि उंदरांनी कुरतडलेलं शीड. सारांच्या थोरल्या भावाची होती. भाऊ जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

“सार, ही मी नीट करू का?”

“घे. तुझीच. पण आडी महिना लागायच्या आत अंगणांतून हलव. नाहीं हलली तर विरकवाल्यास बोलावतों, कुऱ्हाड घेऊन.” विरक म्हणजे जळण, हे मला त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळलं. आडी हा तमिळ महिना जुलैच्या मध्याला लागतो.

माझे बाबा तळ्यात मासे धरतात. झाडाचं खोड कोरून केलेला त्यांचा डोंगा आहे. त्या डोंग्यात मी हौसेनं कधीच बसलो नाही. बसलो ते शाळेच्या आधी जाळं ओढायला आणि तळाचं पाणी उपसायला. पोटासाठी नव्हे, नुसतं वाटलं म्हणून पाण्यावर जाता येईल अशी एक स्वतःची होडी मला हवी होती. हे बाबांना फोनवर सांगितलं तर ते गरजलेच.

“डोंग्यातून सुटावं म्हणून तुला शिकवलं ना बे? आता तिथं जाऊन डोंगाच धरलास?”

“बाबा, सांधे उघडलेत. उन्हानं वाळलीय. काय करू?”

ते तुटकपणे म्हणाले, “पाण्यानं भर. दोन दिवस ठेव. लाकूड फुगते अन् फटी बुजतात.” आणि फोन ठेवला.

आमच्याकडे उन्हाळ्यात डोंगा असाच बुडवून ठेवतात. मी दोन ठिकाणी विटा रचून त्यांवर होडी सुलटी ठेवली, अंगणातल्या टाकीला पाइप लावला आणि ती काठोकाठ भरली. मे महिना होता. आमच्या भागात नळाला पाणी नव्हतं, आठवड्यातून दोनदा पाण्याची लॉरी येऊन टाकी भरून जायची. ही गोष्ट त्या सकाळी माझ्या डोक्यात आलीच नाही. तळ्याकाठी वाढलेल्या माणसाला पाणी मागून घ्यायची वस्तू वाटत नाही.

अर्ध्या तासात बंदूक उडावी तसा आवाज झाला, लगेच दुसरा. दोन बरगड्या तुटल्या होत्या. खालच्या फळीचा सांधा फाकला आणि सगळं पाणी अंगणभर झालं. डोंगा जाड असतो आणि तळ्यात बुडवला की खालून तळंच त्याला धरून ठेवतं. ही पातळ होडी दोन विटांवर टांगलेली होती आणि तिच्या पोटात मी सगळं वजन ओतलं होतं. हे मला, चार वर्षं यंत्रशास्त्र शिकलेल्या माणसाला, मोडल्यावर कळलं.

सार लुंगी वर धरून पाण्यात उभे राहिले. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई रिकामी कळशी घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून नुसत्या थुंकल्या.

“प्यायचें पाणी होडीस पाजितोस?” सार ओरडले. “तुझ्या बापाचें तळें आहे काय हें? हिला मारायची होती तर कुऱ्हाड काय वाईट होती, पा?”

मी माफी मागितली.

“माफी पिऊं काय?”

त्या आठवड्यात घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. बोललं असतं तर बरं, कारण ते माझ्याबद्दल माझ्यादेखत बोलत. रोज कामावरून आलो की मी होडीवर काम करायचो. एग्मोरच्या एका सुताराकडून सागाच्या पट्ट्या आणल्या, पत्र्याच्या नळकांड्यात वाफ धरून वाकवल्या. दोन मोडल्या, तिसरी आणि चौथी बसली. फळ्यांवर ओली गोणपाटं पसरली, तीही आंघोळीच्या उरलेल्या पाण्यानं भिजवून. फटी हळूहळू मिटल्या. मग कापूस, राळ, वॉर्निश, आणि शिडाला ठिगळं. सार रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसत आणि मी जे करेन त्याला नावं ठेवत. मदत म्हणून त्यांनी एक खिळासुद्धा उचलून दिला नाही.

आडी लागायला चार दिवस होते त्या रविवारी मी टेम्पो बोलावला. होडी मुट्टुकाडूच्या खाडीवर न्यायची होती. ड्रायव्हरशेजारी सार आधीच बसलेले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात छत्री.

“बुडतांना पाहावी म्हणतों,” ते म्हणाले.

ती बुडली नाही. तळाशी चार बोटं पाणी आलं आणि थांबलं. सार पुढे बसले, मी मागे वल्हं मारत होतो.

“चिखल ढवळतोस काय? वल्हें पुढें टाक, पाठीनें ओढ. डोंगा नव्हे हा.”

समुद्राकडून दुपारचा वारा सुटला तसं मी शीड चढवलं. शीड मला नवीन होतं. आमच्या तळ्यावर बांबूनं ढकलतात. मी शिडाची दोरी बाकाला घट्ट बांधून टाकली. होडी एका अंगावर झुकली, काठावरून पाणी आत आलं.

“सोड! बांधतात काय, मूर्खा? हातांत धर! दे इकडे!”

त्यांनी दोरी माझ्या हातातून हिसकावली, थोडी सैल सोडली, आणि होडी सरळ झाली. मग ती निघाली. पुढच्या टोकाखाली पाणी खळखळायला लागलं. मी वल्हं मागे सुकाणूसारखं धरलं होतं. दहा मिनिटं आम्ही तसेच जात राहिलो. माझ्या आयुष्यातली ती फार चांगली दहा मिनिटं होती, हे मी त्यांचा राग धरूनही कबूल करतो.

मग ते मागे न वळता म्हणाले, “ही आतां घरींच राहील. छप्पर घालूं कडुलिंबाखालीं.”

“सार, मी हिला इथल्या कोळीवाड्यात ठेवणार आहे. बोललोय मी.”

“तूं कोण ठेवणार? माझ्या भावाची होडी.”

“तुम्ही मला दिलीत.”

“लेखी कुठें आहे?” चाळीस वर्षं बँकेत काढलेला माणूस माझ्याकडे वळला. “दाखव, कुठें लिहिलें आहे?”

मी नेहमीसारखं ‘बरं’ म्हणणार होतो. तोंड उघडलंही. पण मी वल्हं पाण्यातून काढून मांडीवर घेतलं. होडी वाऱ्यानं आतल्या काठाकडे जात राहिली आणि चिखलात रुतली. मी गुडघाभर पाण्यात उतरलो, वल्हं खांद्यावर टाकलं आणि दहा पावलांवर काठावर जाऊन बसलो. वाऱ्याविरुद्ध परत जायचं तर वल्ह्याशिवाय जाता येणार नव्हतं. हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

“ए! वेडा झालास काय? ये इकडे!”

“होडी तुमची ना? न्या.”

त्यांनी मला तमिळमध्ये शिव्या दिल्या, मग मराठीत, मग इंग्रजीत. नंतर छत्री उघडून पाठ करून बसले. ऊन होतं. ते म्हातारे होते आणि मला लाज वाटत होती, पण मी उठलो नाही. अर्धा तास गेला असेल. शेवटी त्यांनी खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढली, पालथी केली आणि मांडीवर धरून लिहायला लागले. लिहितानाही पुटपुटत होते. चिखलात हातानं कोळंबी चाचपणारा एक माणूस जवळून जात होता, त्याला त्यांनी साक्षीदार म्हणून बोलावलं. तो हसत सुटला. मग त्यानं चिखलाचा अंगठा कागदावर उठवला आणि हसतच पुढे गेला.

मी होडीपाशी जाऊन कागद वाचला. सुरेख, जुन्या वळणाचं अक्षर. एक जुनी होडी, आहे त्या स्थितीत, कोणत्याही हमीशिवाय, कायमची दिली. खाली सही, तारीख, चिखल.

“होडी तुझी,” ते म्हणाले. “खोली माझी. महिनाअखेर रिकामी कर.”

“करतो.”

कागद घडी करून मी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, वल्हं आत टाकलं आणि होडीला खांदा लावला.

“डाव्या अंगानें ढकल,” ते म्हणाले.

मी उजवीकडून ढकलली.