चाँदभाईंचा रकाना

तेलगावच्या आमच्या सरकारी कार्यालयात पेन्शनची प्रकरणं मी करते. माझा स्वभाव तापट आहे, हे शिपाई चाँदभाईंइतकं कुणाला ठाऊक नाही. कुणी नवीन कामाला लागलं की तेच बजावायचे, "रकाना मोकळा कावून ठिवता? काई नसलं तर 'निरंक' लिहा. म्याडम कागद तोंडावर फेकत्यात."

निवृत्तीला पाच महिने उरले तेव्हा ते पेन्शनचा फॉर्म भरून घेऊन आले. टपोरं अक्षर. कुटुंबात बायको रुकसाना, मुलगी आफ्रीन. पुढच्या रकान्यात विचारलं होतं, 'अपत्य दिव्यांग असल्यास तपशील'. तिथे लिहिलं होतं, निरंक.

माझं डोकंच सरकलं. आफ्रीन चौतीस वर्षांची. जन्मापासून तिचे हातपाय चालत नाहीत. रोज सकाळी तिला भरवून, तिची वेणी घालून हा बाप कामावर येतो, म्हणून दहा मिनिटं उशीर होतो आणि मी ओरडते.

"चाँदभाई, हे काय लिहिलंत?"

"बरुबर हाय की. आमच्या पोरीत काई खोट न्हाई. बोलन्यात तर तुमालाबी हार जायची न्हाई!"

"थट्टा पुरे. तुमच्या आणि भाभींच्या माघारी तिचं कोण बघणार?"

त्यांचा चेहरा उतरला. "पेन्शन तर आमच्या दोघांसंगं जानार. म्हणून रोज दुवा मागतो म्याडम, पोरीला आमच्या आधी ने. बापानं आसं मागावं का?"

मला राग आला तो स्वतःचाच. वीस वर्षं या माणसानं माझ्या टेबलावर चहा ठेवला, आणि एवढी साधी गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती.

"अहो, तिचं नाव या रकान्यात गेलं आणि सिव्हिल सर्जनचा दाखला जोडला, की तुम्हा दोघांनंतर पेन्शन तिला. ती आहे तोवर."

"ती हाय तवर?"

"ती आहे तोवर!"

चाँदभाई मटकन बाकावर बसले. माझ्यासमोर ते कधी बसत नसत. म्हणाले, "म्याडम, मागितलेली दुवा परत घेता येती का?"

पंधरा दिवसांनी रुकसानाभाभी दाखला रुमालात गुंडाळून स्वतः घेऊन आल्या. चाँदभाईंनी नवा फॉर्म भरला. त्या रकान्यात त्यांनी आफ्रीनचं नाव असं ठसठशीत लिहिलं की शेवटची अक्षरं चौकटीबाहेर गेली. एरवी मी फॉर्म परत केला असता.

पेन्शनचा आदेश आला. त्यात आफ्रीनचं नाव दिसलं तेव्हा माझाच जीव भांड्यात पडला.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि सहज विचारलं, "काय चाँदभाई, आता काही काळजी?"

चाँदभाईंनी शाल सावरली, माझ्याकडे बघितलं.

"निरंक, सायेब."