विजयमालाची मागणी

कोकिळा बारा वर्षं तात्यारावांच्या गोठ्यात शेण काढत होती, पण ओसरीची पायरी काही तिला कुणी चढू दिली नाही. चहा अंगणात उभ्यानं प्यायचा, कप आपला आपण विसळायचा. असली बाई भर दुपारी गोठ्याच्या मागल्या दारातून आत बघते काय, तर मालकांचा पोरगा हरिओम बायकोच्या उरावर बसून तिच्या तोंडात फवारणीचं औषध ओतत होता. विजयमाला पाय झाडत होती. तात्याराव बाजूला उभे होते, घराकडचं दार लोटून.

पोलिसांच्या कागदावर चढलं, की सूनबाईनं रागाच्या भरात औषध घेऊन जीव दिला.

कोकिळा ठाण्यात गेली. काय म्हणावं ह्या बाईला! डोळ्यानं बघितलेलं सांगितलं की झालं, असं वाटलं तिला. तिथं तिला दिवसभर भुईवर बसवून ठेवलं, आणि ती घरी पोचायच्या आत तात्यारावांना फोन पोचला. तिचा नवरा आश्रुबा त्यांच्याच शेतात सालगडी. त्याला दम मिळाला, बायकोला आवर, न्हाईतर सामान उचल.

मग कोकिळानं डोकं चालवलं. हे गाव जित्या गरिबाचं ऐकत नाही, पण मेलेल्या बाईला टरकतं. अवसेच्या सकाळी मारुतीच्या पारापुढं सगळे नारळ फोडायला जमले होते. तिथं तिनं केस सोडले आणि घुमायला लागली. मी विजयमाला, म्हणाली. कुणी धरलं, कुणी ओतलं, कुणी दार लोटलं, सगळं नाव घेऊन सांगितलं.

तात्यारावांनी टोपी काढली आणि तिच्यापुढं हात जोडले. कोकिळाला आतून असं काही बरं वाटलं म्हणता! पण येडी एक गोष्ट विसरली. लागीर झालेल्या बाईला काय घडलं ते कुणी विचारत नाही, काय पाहिजे ते विचारतात.

देवरुषी भुजंगनं शिंदीचा फोक उचलला आणि विचारलं, "बोल, काय पायजे तुला?"

"हरिओमला बेड्या घाला."

मेलेली बाई असलं मागत नसते म्हणाला भुजंग, आणि फोक ओढला. पाठ फुटली, नखाखाली सुया गेल्या. तात्यारावांच्या डोळ्यादेखत आश्रुबानंच तिचे केस धरून ठेवले होते, आणि तो रडत होता. चौथ्यांदा विचारल्यावर कोकिळा म्हणाली, हिरवं लुगडं, खण, पुरणाचा निवद. तात्यारावांनी तासाभरात सगळं आणवलं, वर गावजेवण घातलं. सून तृप्त झाली, न्याय झाला, असं म्हणत माणसं पुरणपोळी खाऊन गेली.

निवदाला विजयमालाचा बाप भागवत आला होता, ताडकळसहून. पंगत उठल्यावर कोकिळा भिंतीला धरत धरत त्याच्यापाशी गेली. हा तरी ऐकंल, पोरीचा बाप हाय.

"दादा, मी कोकिळा हाय. अंगात काई आलं नव्हतं. तुमच्या लेकीला त्यांनी मारलं, म्या माझ्या डोळ्यानं बघितलं."

भागवत दोन पावलं मागं सरला. त्याचे हात आपोआप जोडले गेले, डोळ्याला धार लागली.

"माय विजू," तो म्हणाला, "तुला दिलं न्हवं समदं? आता ह्या गरीब बाईला सोड." आणि मान वळवून त्यानं भुजंगला हाक मारली.