फाटकाची कडी

छोटी सोफे दुरुस्त करायची. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी घरात ती छोटीच. खाली तिचं दुकान, वर दादा-वहिनीचं आणि तिचं घर, मागे अंगण आणि अंगणाला लोखंडी फाटक. काम करताना ती बारीक खिळे तोंडात धरायची आणि एकेक काढून हातोडीने कापडात ठोकायची. वहिनी म्हणायची, "छोटीच्या तोंडात खिळे आहेत तोवर घरात शांतता." रागावली की ती आधी खिळे तळहातावर काढायची. मग समोरच्याची खैर नसे.

दिवसभर तिच्या पायाशी ढब्बू. जुन्या फोमच्या तुकड्यावर ऐसपैस पसरलेला, गिऱ्हाईक आलं की एक डोळा उघडून परत मिटणारा कुत्रा. त्याच्या पंजात खिळा जाऊ नये म्हणून ती सारखी जमिनीवर लोहचुंबक फिरवायची. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळू दे!

ढब्बूच्या आधी भोपू होता. म्हातारा, सतत खोकणारा. एके दिवशी छोटी गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेली आणि येऊन बघते तो भोपू गायब. "फाटक उघडं राहिलं, गेला पळून," दादा म्हणाला. छोटीने सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या, हाका मारून मारून घसा बसवून घेतला. तेव्हापासून तिने फाटकाची कडी लावली नाही, कुणाला लावू दिली नाही. चुकून आलाच परत, तर त्याला फाटक बंद दिसायला नको. एकदा अंगणातून सायकल चोरीला गेली, घरात रणकंदन झालं, पण कडी लागली नाही.

आता ढब्बूचे मागचे पाय गेले होते. पोटात गाठ होती. "हाल होताहेत त्याचे," जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "इंजेक्शन देऊन मोकळं केलेलं बरं." छोटी हो म्हणाली. तिने एकच गोष्ट मागितली. "मी येणार. त्याचं डोकं माझ्या मांडीवर हवं." दादाने मान डोलावली.

त्या दिवशी सकाळी दादा म्हणाला, "छोटे, तुला खुर्च्यांचं माप घ्यायला बोलावलंय. जाऊन ये, मग निघू." ती गेली. कोपऱ्यावर पोचल्यावर आठवलं, टेप घरीच राहिली. मागे फिरली, तर फाटकासमोर रिक्षा उभी आणि चादरीत गुंडाळलेल्या ढब्बूला घेऊन दादा आत बसतोय.

"कुठे नेतोयस त्याला?"

दादाचा चेहरा पडला. "अगं, तुला सोसलं नसतं. भोपूच्या वेळीसुद्धा म्हणूनच..."

आणि त्याने जीभ चावली. पण आता चावून काय उपयोग?

छोटीच्या तोंडात खिळे नव्हते, तरी तिने सवयीने तळहात तोंडापाशी नेला. मग गल्लीतल्या खिडक्या उघडतील असा तिचा आवाज चढला. "पळून गेला म्हणालास! मी वेड्यासारखी गल्लोगल्ली फिरले. इतकी वर्षं फाटक उघडं ठेवलं. तू रोज त्याच फाटकातून ये-जा केलीस आणि एकदाही तोंड उघडलं नाहीस?"

"तू रडली असतीस गं."

"मग रडले असते! माझा कुत्रा, माझं रडणं. तुझ्या बापाचं काय जात होतं?" एवढ्या संतापातही तिला सुचलं, बाप दोघांचा एकच. "आपल्या बापाचं काय जात होतं?"

काळजी म्हणे! कसली डोंबलाची काळजी? माणसाचा निरोप चोरायचा आणि वर उपकार केल्याचा आव आणायचा!

दवाखान्यात ती खाली फरशीवरच बसली. ढब्बूचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने तिचा अंगठा चाटला, खिळ्यांनी खरखरीत झालेला. डॉक्टरने सुई काढली, तसा दादा दाराकडे सरकला.

"थांब," छोटी वर न बघता म्हणाली. "भोपूला कुणी धरलं होतं?"

दादाने दाराची मूठ धरली.

"विचारतेय मी."

"टेबलावर ठेवला त्याला," दादा पुटपुटला. "मला बघवेना. बाहेर येऊन उभा राहिलो."

छोटी ढब्बूच्या कानामागे बोटं फिरवत राहिली, त्याचा श्वास थांबेपर्यंत आणि नंतरही.

रिक्षा घरी आली. दादा पैसे देत होता तोवर छोटीने ढब्बूला उचलून दुकानात त्याच्या फोमवर ठेवलं. हातोडी घेऊन अंगणात आली. फाटक ओढून घेतलं. कडी गंजून घट्ट बसली होती. तिने घाव घातला, दुसरा घातला, सगळी ताकद लावून तिसरा घातला. कडी करकरत सरकली आणि बसली.

"छोटे," पलीकडून दादाचा आवाज आला, "अगं, मी बाहेर आहे."

"हो ना," छोटी म्हणाली, "तू बाहेरच उभा राहतोस."