आईचा रतीब

साताऱ्यात आमच्या पेठेत आईला सगळे दूधवाल्या काकू म्हणत. वडील कोर्टात बेलीफ होते. ते गेले तेव्हा मी मराठी चौथीत होते आणि बहीण लग्नाला आली होती. आई कडेगावकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण म्हैस कळत होती. तिनं परसात एक म्हैस आणून बांधली, पुढं दुसरी आली, आणि त्या दुधावर तिनं आम्हां दोघींना वाढवलं, बहिणीचं लग्न केलं, मला सातवीपर्यंत शिकवलं.

धार काढून ती बाहेर पडे तेव्हा किल्ल्याच्या कड्यावर नुकतं कुठं फटफटत असे. हातात पितळेची किटली, तिच्या दांडीला अडकवलेलं माप, पदर कमरेला खोचलेला. शाळेला सुट्टी असली की मीही बरोबर जाई. प्रत्येक दाराशी ती एकदाच म्हणायची, "दूध हाय." माप ओतून झालं की भांड्यात आणखी थोडी धार सोडायची. तिच्या लुगड्याला दुधाचा, पेंडीचा आणि ओल्या वैरणीचा वास यायचा. माझं माहेर म्हणजे मला आधी तो वास आठवतो, घर नंतर.

बहिणीला शिराळ्याला दिली आणि मला सांगलीला. माझे यजमान विश्रामबागेत कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथंच आवारात आम्हाला दोन खोल्यांची जागा मिळाली होती. साताऱ्यात आईजवळ आमचा चुलतभाऊ आणि त्याची बायको राहत होती, त्यामुळं तिची काळजी नव्हती.

युद्धाचे दिवस होते, रॉकेलला रांगा लागत. एका दिवाळीला मी माहेरी गेले होते. पेठेतल्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई मला विहिरीवर भेटल्या. त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग हलक्या आवाजात सांगितलं, की काकू हल्ली दूध घालून जातात आणि थोड्या वेळानं पुन्हा येतात. आम्ही काही बोलत नाही, दुसऱ्यांदा भांडं पुढं करतो आणि ते दूध मागच्या दारानं तुमच्या वहिनीकडं पोचतं करतो. बरेच दिवस सगळी गल्ली असं करत होती आणि आईला कुणी कळू दिलं नव्हतं. ऐकताना मला गहिवरून आलं आणि भीतीही वाटली.

पुढच्या वर्षी भाऊ स्वतः सांगलीला आला. म्हशी विकल्या, म्हणाला. आई किटलीत पाणी घेऊन निघायला लागली होती. एकदा स्वतःच्या दारासमोर उभी राहून, हे कुणाचं घर, म्हणून विचारत होती. शेतावर जाताना त्यांना तिला खोलीत कोंडून जावं लागे. तो वाईट माणूस नव्हता, पण थकला होता. वाईला निराधार म्हाताऱ्या बायकांसाठी एक घर आहे, तिथं आईला ठेवावं, असं त्याचं म्हणणं होतं.

मी आधी शिराळ्याला गेले. बहिणीच्या सासरी माणसांचं मोठं खटलं होतं. तिच्या सासूनं मला जेवायला वाढलं, वेणी घातली, पण सुनेची आई घरात राहणार म्हटल्यावर ती विषय सोडून आत निघून गेली. बहीण मला गाडीपर्यंत पोचवायला आली आणि सारा रस्ता रडत होती. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी वाईला जाऊन ते घर पाहून आलो.

घर चांगलं होतं. अंगण सारवलेलं, तुळशीला पाणी घातलेलं, कृष्णेच्या घाटाला अगदी लागून. म्हाताऱ्या बायका उन्हात बसून वाती वळत होत्या. एकीनं आम्हाला जवळ बोलावून आमचं गाव विचारलं. माझ्या मनात आलं, आई इथं बसलेली शोभेल. तिथली व्यवस्था एक प्रौढ विधवा बाई पाहत. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाल्या, "ठेवून घेईन मी त्यांना, पण दाराला कडी घालावी लागेल. नदी दाराशी आहे. इथल्या बायका घाटावर जातात आणि आपल्या आपण परत येतात. तुमच्या आईंना ते जमायचं नाही. ज्यांनी जन्मभर दारोदार हिंडून काढलं, त्यांना कोंडायचं का, हे तुम्ही ठरवा."

परतीच्या वाटेवर माझा विचार झाला, आईला आपण सांगलीला न्यायचं.

यजमान मितभाषी होते. मी सांगितलं तेव्हा त्यांनी दोन खोल्यांकडं एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, की स्वयंपाकघरात आपण झोपू. अडचण आईचीच होती. आम्ही दोघं तिला आणायला साताऱ्याला गेलो, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली आणि उठेना.

"जावईबापू, लेकीच्या दारात म्हातारपण काढणारी न्हाई मी," ती म्हणाली. इतकं काही विसरली होती, पण हे तिला पक्कं आठवत होतं.

यजमान तिच्यासमोर खाली बसले. म्हणाले, "मामी, ते घर माझं नाही. कॉलेजचं आहे. आम्हीच तिथं पाहुणे आहोत. साहेबांनी सांगितलं तर उद्या आम्हालाही उठावं लागेल."

आईनं पदर सावरला. "मग येते," ती म्हणाली. "सरकारी जागंत कसली लाज."

विश्रामबाग तेव्हा उघडीबोडकी होती. रुंद रस्ते, मधे मधे बंगले, बाकी बाभळी आणि माळ. पेठेत संसार केलेल्या आईला तिथं भिंती सापडेनात. पहिल्या आठवड्यातच ती सकाळी किटली घेऊन बाहेर पडली आणि एका बंगल्यात थेट स्वयंपाकघरापर्यंत गेली. तिथल्या बाई घाबरून ओरडल्या. आणखी एकदा ती रेल्वेच्या रुळांकडं चाललेली कॉलेजच्या शिपायानं पाहिली आणि हाताला धरून आणली. कुणी म्हणालं बाहेरचं काही असेल, कुणी म्हणालं वेड्यांच्या इस्पितळात दाखवा. मिरजेच्या एका डॉक्टरांनी तिला तपासलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की याला औषध नाही. ती म्हणेल त्याला नाही म्हणू नका, आणि हाताला रोजचं काम असू द्या.

आईचं रोजचं काम एकच होतं. मग मी मनाशी ठरवलं आणि एका दुपारी शेजारच्या घरांकडं निघाले. आधी त्याच बंगल्यात गेले, जिथं बाई ओरडल्या होत्या. त्या एका प्रोफेसरांच्या पत्नी होत्या. अशा गोष्टी तेव्हा घराबाहेर काढत नसत.

"माझी आई विसरते," मी म्हणाले. "वेडी नाही. तिला वाटतं, अजून रतीब घालायचा आहे. सकाळी ती तुमच्या दारात आली तर भांडं पुढं कराल का? आणि पुढचं घर कुठलं, तेवढं तिला दाखवाल का?"

बाईंनी मला ओट्यावर बसवलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी ओरडायला नको होतं. पण रिकामी किटली घेऊन किती दिवस येतील त्या? दूध असलं तर आम्हाला खरंच हवंय. इकडं चांगलं दूध मिळतच नाही." आणि पायात चपला घालून त्या माझ्याबरोबर पुढच्या घरी आल्या.

म्हैस आणायला यजमान आईलाच घेऊन कडेगावच्या बाजारात गेले. मीही गेले. गर्दीत तिनं माझा हात घट्ट धरला होता. मी कोण हे त्या सकाळी तिला ठाऊक नव्हतं. पण जनावरांच्या रांगेत शिरली आणि तिनं हात सोडला. एकेका म्हशीच्या कासेवरून हात फिरवला, दात पाहिले, पाठीवर थाप मारून बघितली. एका व्यापाऱ्यानं आपल्या म्हशीची फार तारीफ केली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "हिचा एक सड बंद हाय, गड्या." व्यापारी हसला आणि त्यानंच दुसरी दाखवली. यजमान प्रयोगशाळेत काचेची भांडी हाताळणारा माणूस. ते आईच्या मागं मागं आज्ञाधारक मुलासारखे फिरत होते. तिला इतकं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

साहेबांनी मागच्या आवारात म्हैस बांधायला परवानगी दिली. मग रोज सकाळी आई निघू लागली. प्रोफेसरांच्या पत्नी फाटकाशी उभ्या असत. दूध घेऊन झालं की म्हणत, "मावशी, आता त्या जास्वंदीच्या घरी." जास्वंदीच्या घरातली सून तिला पुढचं दार दाखवी. असं दारोदार होत ती शेवटी होस्टेलच्या मुदपाकखान्यात पोचे. तिथला आचारी तिला चहा देई आणि आमच्या दारापर्यंत आणून सोडी. कधी ती एखाद्या ओट्यावर बसून राही, तेव्हा त्या घरातलं कुणीतरी येऊन मला सांगे, की मावशी आमच्याकडं आहेत, घाई करू नका. तिनं दोनदा दूध घातलं तर दोनदा घेत. साताऱ्याच्या पेठेनं जे आपण होऊन केलं होतं, ते इथं मला मागावं लागलं. पण मागितल्यावर कुणी नाही म्हणालं नाही.

थंडीतल्या त्या सकाळी मला अजून दिसतात. माळावर धुकं, बाभळींच्या शेंड्यांवर ऊन, आणि रस्त्यावरून सावकाश येणारी आई. यजमान चूल पेटवून पाणी तापवत आणि खिडकीशी उभे राहून तिची वाट बघत. माझी इतर कामं पडून राहत, घर आवरलेलं नसे, पण ते दिवस सुखाचे होते.

संध्याकाळची धार काढून झाली की मी तिला अंगणात बसवून केस विंचरत असे. मला ती तेव्हा आपली थोरली बहीण समजायची आणि अक्का म्हणायची. आधी मी सांगून पाहिलं होतं, मग सोडून दिलं. एक दिवस केस विंचरताना ती म्हणाली, "अक्का, माझी धाकटी पोरगी सांगलीला दिलीया. तू बघितलीस का तिला?"

मी म्हणाले, बघितली आहे.

"लय गुणाची हाय. पोर झोपंतनं उठून माझ्यासंगं यायची रतीबाला. मी तिला कवा चांगलं म्हटलं न्हाई. दिष्ट लागंल म्हणून." मग तिनं विचारलं, "सुखात हाय न्हवं ती?"

"सुखात आहे," मी म्हणाले.

"मग झालं," ती म्हणाली, आणि डोकं पुन्हा माझ्या हाती दिलं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिचे पाय गेले. रतीब मी घालू लागले, कारण घरं आता आमच्या दुधावर होती. दुपारी कुणी ना कुणी बाई येऊन तिच्याजवळ बसे, म्हणजे मला बाजारात जाता येई किंवा थोडं झोपता येई. प्रोफेसरांच्या पत्नी तिला भाताची पेज भरवत. पुढच्या वर्षी बहीण शिराळ्याची नागपंचमी आटोपून आली ती आईजवळच राहिली. तिच्या सासूनंच तिला पाठवलं होतं, राहा हवं तितकं म्हणून. श्रावण संपता संपता आई दुपारच्या झोपेतच गेली. बहीण उशाशी होती, मी पायाशी.

त्यानंतर काही महिन्यांनी जास्वंदीच्या घरातली सून माझ्याकडं आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. तिचे सासरे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. ते आता दिवसभर गोंधळलेले असत आणि संध्याकाळ झाली की आपल्या मूळ गावी जायला निघत. घरात कुणाला सांगायची चोरी होती, म्हणून ती माझ्याकडं आली होती. मी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर निघाले. मास्तर कोट घालून, काठी घेऊन फाटकाशी उभे होते. मी नमस्कार केला आणि विचारलं, मास्तर, गावाला निघालात का, मला थोडं बरोबर न्याल का. ते म्हणाले, या की, सोबत झाली. आम्ही दोघं तासगावच्या रस्त्यानं चालू लागलो, आणि ते मला त्यांच्या गावच्या शाळेबद्दल सांगू लागले.