गाई किती लागतील

एकोणीसशे सत्तरनंतरची ती कोरडी वर्षं. नुसत्या कडब्यावर गाय जास्त दूध देते की उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, हे आम्हा पशुसंशोधन केंद्रातल्या लोकांना कोल्हारच्या बाजूला तपासायचं होतं. प्रत्येक गाईला दोन्ही चारे आळीपाळीने द्यायचे, म्हणजे तिची तुलना तिच्याशीच. त्यामुळे गाई थोड्या पुरतात. पण थोड्या म्हणजे किती, हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. निम्म्या गाईंची सुरुवात कडब्याने, निम्म्यांची वाढ्याने, म्हणून संख्या सम हवी. शिवाय जिचं दूध मुळातच रोज वरखाली होतं, तिच्यात चाऱ्याचा फरक कळत नाही. तशा गाई निघाल्या की आकडा फुगतो. म्हणून आधी मी घरोघरी संध्याकाळचं दूध मोजत हिंडत होतो. लोक एक दिवस पाणी घालत, दुसऱ्या दिवशी घालत नसत. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

मळ्यातल्या एका घरची गाय मात्र रोज तेवढंच दूध द्यायची. दिवेलागणीला हिरव्या लुगड्यातली बाई पदर पुढे ओढून धार काढायची, लहानगी पोर तिच्या पाठीला चिकटलेली. “वहिनी, चरवी द्या,” मी म्हणायचो. ती मागे न बघता चरवी सरकवायची. कधी अवाक्षर नाही.

शेजारच्या म्हातारीजवळ मी या वहिनींचं कौतुक केलं. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं.

“त्या घरात बाई न्हाई, सायेब. बाळंतपनात गेली ती, लई दिस झालं.”

मग रोज धार काढते ती कोण? तरी दुसऱ्या दिवशी गेलो, कारण त्या गाईवाचून माझी संख्या जुळत नव्हती. तेच लुगडं, तीच ओणवी पाठ. या वेळी हात नीट पाहिले. राठ, केसाळ.

पोर पेंगली तसा पदर बाजूला झाला. आत मिशा होत्या. गेलेल्या बाईचा नवराच तो. पोरीला आत निजवून, लुगडं खांद्यावर टाकून तो बाहेर आला.

“गाय कासंला हात लावू देत नव्हती. मालकिनीचं हे लुगडं नेसलो तवा पान्हा सोडला तिनं. मंग पोरगीबी गप ऱ्हायला लागली. तिला वाटतं, सांजंला आई येती.”

तरी माझा हट्ट सुटेना. गाय आमच्या गोठ्यात द्या, चारा फुकट, दूध तुम्हाला पोचवू, म्हणालो. दोन चाऱ्यांच्या मधे आम्ही काही दिवस जाऊ देतो, तेही समजावलं.

“तेवढ्यात आधीचा अंमल पार उतरतो.”

“पार? मागचं कायबी ऱ्हात न्हाई?”

“काही नाही,” मी ऐटीत म्हणालो.

त्याने खांद्यावरचं लुगडं चाचपलं आणि गाईच्या पाठीवर हात ठेवला. “मंग न्हाई देत.”

ही गाय गेली म्हणजे संख्या सम ठेवायला जोडीची दुसरीही वगळावी लागणार, असा हिशेब मी मांडत होतो, तेवढ्यात आतून पोरीने “आई” अशी हाक मारली. त्याने घाईघाईने लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, पदर तोंडावर ओढला आणि मला हातानेच जायची खूण केली.