भरली वांगी आणि सोलकढीच्या मधली सोळा पानं

आमच्या लेखकांच्या ग्रुपवर आजवर एकही वाईट पुस्तक आलेलं नाही. चेष्टा करत नाहीये. बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत पसरलेली आम्ही बरीच मंडळी आहोत, सगळी स्वतःची पुस्तकं स्वतःच काढणारी, आणि आमच्यातल्या प्रत्येकाने निदान एक तरी अप्रतिम पुस्तक लिहिलेलं आहे. तसं ग्रुपवरच लिहिलेलं आहे.

ग्रुपची रीत ठरलेली. कुणाचं पुस्तक आलं की सगळ्यांनी विकत घ्यायचं, चहाच्या कपाशेजारी ठेवून त्याचा फोटो टाकायचा आणि येत्या रविवारच्या आत पाच तारे देऊन अभिप्राय लिहायचा. आपलं पुस्तक आलं की बाकीचे तेच करतात. संक्रांतीच्या वाणासारखं आहे ते. दिलेली डबी घरी जाऊन कुणी वापरत नाही, पण कुणी दिली नाही हे बरोबर लक्षात राहतं. ग्रुप चालवतात मुलुंडच्या एक ताई, निवृत्त मुख्याध्यापिका. कौतुक ग्रुपवर करायचं आणि टीका खासगीत कळवायची, असा त्यांनी घालून दिलेला नियम आहे. नियम फार चांगला आहे. खासगीत मला आजतागायत कुणाचा मेसेज आलेला नाही.

मी हसते खरी, पण माझं घर या ग्रुपवरच चालतं. अंधेरीच्या जाहिरात कंपनीतली नोकरी सुटली तेव्हा मला संगणकावर पुस्तकाची पानं लावणं आणि मुखपृष्ठ करणं एवढंच येत होतं. ताईंचं पुस्तक मी हौसेने लावून दिलं. मग कुणीतरी विचारलं, "माझं पण करशील का गं?" असं करत करत आमच्या बोरिवलीच्या घरातला सोफा गेला आणि त्या जागी पुस्तकांचे गठ्ठे आले. माझे बाबा त्या गठ्ठ्यांवर पेपर पसरून वाचायला लागले. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. गिरणीत उभ्याने नोकरी केलेला माणूस, त्यामुळे बसायला सोफाच हवा असा त्यांचा हट्ट नव्हता.

इतरांची पुस्तकं काढता काढता मी माझंही लिहिलं. आमच्या घराच्या आठवणी. सगळं पुस्तक मी मजेत लिहिलं, फक्त एक प्रकरण सोडून. ते आईचं होतं. मी शाळेत असताना आईला जवळच्या बालवाडीत शिकवायची नोकरी चालून आली होती. तिने साडीसुद्धा ठरवून ठेवली होती. बाबांनी ठामपणे नको म्हटलं आणि विषय संपला, असं मी लिहिलं. बाबा दाराशी उभे, बोट वर केलेलं, आई खाली मान घालून भाजी निवडतेय, असा प्रसंगही उभा केला. हे बाबा वाचणार, आणि वाचल्यावर माझ्याशी बोलतील की नाही, एवढीच मला धास्ती होती. पुस्तक किती खपेल याची चिंता नव्हती. ते ग्रुपने आधीच ठरवलेलं होतं.

पुस्तक आलं. फोटो आले. "एका बैठकीत वाचून काढलं." "शब्दच नाहीत." शब्द नाहीत म्हणणाऱ्यांनी बरेच शब्द लिहिले होते. अंधेरीच्या एका कवींनी लिहिलं, "आठवणींच्या मध्ये पाककृतींची पेरणी फार कल्पक." त्याच आठवड्यात ग्रुपमधल्या घाटकोपरच्या काकूंचं पाककृतींचं पुस्तक आलं होतं, तेही मीच काढलं होतं. कवींनी दोन्ही अभिप्राय एका संध्याकाळी उरकताना घोळ घातला, असं मी धरून चालले आणि त्यांना लाल बदामाचं चिन्ह पाठवलं.

बाबांनी मात्र सावकाश वाचलं. रोज थोडंथोडं, चष्मा पुसून. मी स्वयंपाकघरातून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. एका सकाळी त्यांनी पुस्तक मिटलं.

"चांगलं लिहिलंस गो," ते म्हणाले. "फक्त ती सोड्यांची खिचडी. आई त्यात टोमॅटो नव्हती घालत."

मी पुढचं काहीतरी येईल म्हणून थांबले. ते पेपर वाचायला लागले. माझ्या पुस्तकात खाण्यापिण्याचे उल्लेख पुष्कळ होते, त्यातलाच एखादा असेल असं वाटलं. आईच्या नोकरीबद्दल अवाक्षर नाही. मला आधी हायसं वाटलं आणि मग मनापासून राग आला. बायकोचं अख्खं प्रकरण वाचून या माणसाला टोमॅटो आठवतो.

महिन्यातल्या एका रविवारी आमचं ऑनलाइन वाचन असतं. त्या खेपेला माझी पाळी होती. राग होताच, म्हटलं आईचंच प्रकरण वाचू. ताईंचा आग्रह असतो की कागदावरून नाही, छापलेल्या पुस्तकातूनच वाचायचं, म्हणजे मुखपृष्ठ दिसतं. मी नवं कोरं पुस्तक उघडलं. माझी स्वतःची प्रत मी तोवर उघडलीच नव्हती. संगणकावर इतक्यांदा वाचलं होतं की कंटाळा आला होता, आणि फोटोला तर मुखपृष्ठ पुरतं.

आईच्या प्रकरणाच्या जागी वाक्य अर्ध्यात तुटून सोड्यांची खिचडी लागली होती. उलटत गेले तर पुढे भरलं पापलेट, खेकड्याचा रस्सा. सोळा पानं. मी तोंड उघडं टाकून तशीच बसले. पडद्यावर सगळ्यांना वाटलं माझं नेट गेलं. तरी खालून बदाम वर येत राहिले. "वा!" "अंगावर काटा!" असंही कुणीतरी लिहिलं. मी अजून एक अक्षरही वाचलेलं नव्हतं.

झालं होतं ते सोपं होतं. दोन्ही पुस्तकं एकाच आकाराची, एकाच कागदावर, एकाच आठवड्यात मालाडच्या एका छापखान्यात होती. छापलेल्या कागदाच्या घड्या घालून सोळा-सोळा पानांचे जुडगे करतात आणि ते एकावर एक रचून पुस्तक बांधतात. बांधताना आमच्या दोघींच्या एकेका जुडग्याची अख्ख्या आवृत्तीत अदलाबदल झाली होती. मी काकूंना फोन केला.

"थांब हां, बघते," काकू म्हणाल्या. त्यांनीही स्वतःचं पुस्तक उघडलेलं नव्हतं, कारण प्लॅस्टिकचं वेष्टण फाडल्याचा आवाज मला फोनवर आला. मग पानं उलटल्याचा. "अगो बाई! भरली वांगी आणि सोलकढीच्या मध्ये तुझी आई बसलीये."

मला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. आईला बाहेर पडून बसायला मिळालेली ती एकच जागा, आणि तीसुद्धा स्वयंपाकाच्या पुस्तकात.

मी ग्रुपवर सगळं कबूल केलं आणि पुस्तकं बदलून द्यायची तयारी दाखवली. वाटलं, आता वाट लागली, हे काम गेलंच. पण आमचा ग्रुप म्हणजे ग्रुप आहे. "बदलायची काय गरज, ही तर दुर्मीळ आवृत्ती!" "किती प्रामाणिक गं तू!" आपल्या लक्षात आलं होतं असं कुणीही म्हटलं नाही. आपल्या लक्षात आलं नव्हतं असंही कुणी म्हटलं नाही. कवींनी तर आपला मूळ अभिप्राय कायम असल्याचं कळवलं. त्या आठवड्यात उलट माझ्याकडे नवी हस्तलिखितं आली, इतकी की गठ्ठे खिडकीपर्यंत पोचले. चूक करून धंदा वाढलेली मी एकटीच असेन.

राहता राहिले बाबा. आता मला सगळं कळत होतं. त्यांनी टाळलं नव्हतं, त्यांना ते मिळालंच नव्हतं. आणि माझी आयतीच सुटका झाली होती. बाबांच्या हातात खिचडीवाली प्रत आहे, ती त्यांना आवडली आहे, आपण गप्प बसायचं. एवढ्या वयाच्या माणसाला कशाला दुखवा. हे मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण घरात बसून रोज लोकांची न वाचलेली पुस्तकं लावत होते, आणि ज्याने माझं पुस्तक अक्षर न् अक्षर वाचलं त्याच माणसापासून मी ते लपवत होते. शेवटी ती सोळा पानं छापून काढली, बाबांच्या चहाशेजारी ठेवली आणि म्हटलं, "छपाईत गडबड झाली होती. हे राहिलं होतं."

"म्हणजे ते जेवणाचं तुझं नव्हतं होय?" ते म्हणाले. "मला वाटलं आजकाल असंच लिहितात."

त्यांनी चहा प्यायच्या आधी वाचायला घेतलं. मी पुस्तकं पॅक करत बसले, म्हणजे एकच पुस्तक पुन्हा पुन्हा पॅक करत बसले. चहावर साय धरली. वाचून झाल्यावर त्यांनी पानं नीट जुळवली आणि मांडीवर ठेवली.

"चूक आहे यात," ते म्हणाले.

मी भांडायच्या तयारीतच होते. "काय चूक? आईने मला स्वतः सांगितलंय. तुम्ही नको म्हणालात."

"मी नको म्हटलंच नव्हतं गो. तसं ती तुला सांगत असेल, माझी लाज राखायला." त्यांनी चष्मा काढला. "ती रोज जेवायला वाढताना विचारायची, जाऊ काय? मी म्हणायचो, बघू. रोज बघू. मग एक दिवस तिने विचारलं नाय. नको म्हटलं असतं तर ती भांडली असती माझ्याशी, जिंकली पण असती. मी तिला भांडायला पण दिलं नाय."

बोट वर केलेले, दाराशी उभे असलेले माझे बाबा किती सोपे होते. हे समोरचे बाबा मला लिहिताच आले नव्हते.

"ते दुरुस्त कर," त्यांनी पानं माझ्या हातात दिली. "माझं नाव खराब होईल म्हणून बघू नको. तिचं बरोबर लिही."